सव्वीसपैकी सव्वीस

देवळाली प्रवरा
१२ ऑगस्ट २०२५

चि. यामिनी,

आशीर्वाद लिहावा की नाही यात पाच मिनिटं गेली. लिहिला आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

राखी पोचली. या वेळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच आली. पाकिटात नेहमीप्रमाणे राखी, कुंकवाची पुडी, आणि चिठ्ठी नाही. चार वर्षं मी ते पाकीट उलटं करून झटकतोय. मागच्या बाजूला तुझा नागपूरचा पत्ता मात्र तू स्वच्छ अक्षरात लिहितेस. तुझा फोन नंबर बदलला, नवा माझ्याकडे नाही, आणि नात्यात कोणाकडे मागायला गेलो तर आधी त्याला सगळी कहाणी सांगावी लागेल. म्हणून हे पत्र. हेडमास्तर माणूस, लिहायला बसलो की आधी समास आखतो. आखला आहे.

राखी मुक्ताबाईंनी बांधली. तुझी आई गेल्यापासून त्या सकाळच्या स्वयंपाकाला येतात. सुहासने हात पुढे केला, "ताईची" म्हणाला, पेढा खाल्ला आणि जरा पडला.

तो मजेत आहे. जूनमध्ये छत्तीस पूर्ण झाली. थोडा जाड झालाय, बसून असतो, पण या वयात माणूस स्थिरावतोच. संध्याकाळची हजेरी आता घेत नाही. तुला आठवत असेल, माझं जुनं हजेरीपत्रक मांडीवर घेऊन साडेसहाला तो आपल्या चौघांची नावं पुकारायचा, आणि तू मुद्दाम "हजर" म्हणायला उशीर करून त्याला चिडवायचीस. ते बंद झालं. मोठा झाला, दुसरं काय.

सांगण्यासारखी एक बातमी आहे. जुलैत पुण्याच्या एका संस्थेची धनश्री नावाची मुलगी आली होती. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना दवाखान्यांतून जे मिळायला हवं ते खरोखर किती मिळतं, याचं मोजमाप जिल्हाभर चालू आहे. राजूरपासून शेवगावपर्यंत ती घरोघर जाऊन पालकांना विचारते. सव्वीस प्रश्न. थायरॉईडची तपासणी दरवर्षी होते का, कान पाहिले का, डोळे, दात, हृदयाचा इको, झोपेत श्वास अडतो का. प्रत्येकाला एक गुण. आपल्याला सव्वीसपैकी सव्वीस पडले. ती म्हणाली, "सर, दोनशे घरं झाली, पंधराच्या वर कोणीच नाही." जाताना पाया पडली.

आईच्या तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, तू मला म्हणाली होतीस, "सुहासचा तो दुसरा रिपोर्ट दाखवा." आणि मी म्हणालो होतो, "या घराची तपासणी करणारी तू कोण?" तू त्याच दुपारी निघून गेलीस. आता एका परक्या, शिकलेल्या मुलीने रीतसर तपासणी करून मला पूर्ण गुण दिले आहेत. तुला कळावं म्हणून लिहिलं, टोमणा म्हणून नाही.

थोडा टोमणा आहे.

बाबा


५ सप्टेंबर २०२५

चि. यामिनी,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच असं लिहिणार होतो. पण रोज अकराला पोस्टमन कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत मी ओट्यावर बसून असतो, तेव्हा ते खोटं होईल. आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. बघू किती जमतं.

आज शिक्षकदिन. कानिफनाथ सकाळीच गुलाब घेऊन आला. शाळेत तुझ्या दोन वर्षं मागे होता, आता आपला डॉक्टर आहे. दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव पडले होते त्याला, माझ्या शाळेचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्याने मला गुलाब दिला, सुहासच्या पाठीवर थाप मारली, "काय सुहासशेठ!" म्हणाला आणि गेला. वर्षानुवर्षं तो एवढंच करतो. मला ते आज पहिल्यांदा दिसलं.

दिसलं, कारण काल मुक्ताबाई बोलल्या. कणीक मळता मळता म्हणाल्या, "हेडसर, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"पोरगं हाक मारली तरी बघत न्हाई आता. भर उन्हात सोटर मागतंय. दिसभर नुसती झोप. आवाज बी घोगरा झालाय. ह्यो असा न्हवता वो."

मी म्हणालो, "वय झालं त्याचं, मुक्ताबाई. या मुलांचं असंच असतं."

"वय तुमचं झालंय," त्या म्हणाल्या. "त्याचं कुटलं? माजा थोरला त्याच्याच बरोबरीचा हाय. उसाची मोळी डोक्यावर घिऊन शिडी चढतोय."

मी वर्तमानपत्र वर धरलं. त्यांनी पोळ्या लाटल्या. पण त्या जे बोलल्या ते काही घरातून जाईना.

दुपारी धनश्रीचा फोन आला. ऑक्टोबरात नगरला त्यांची सभा आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं. माझी जीभ अजून जुन्याच फाट्यावर वळते.) मोजमापाचे निकाल सांगणार, आणि एका आदर्श पालकाने दोन शब्द बोलायचे. आदर्श पालक मी. "फक्त सर, त्याआधी एकदा येऊन सगळ्या रिपोर्टांच्या प्रती घेऊन जाईन. चालेल ना?" चालेल म्हणालो.

चालणार नाही, यामिनी. ते सव्वीस गुण माझे मीच मला दिले आहेत.

तुला शाळेची तपासणी आठवते ना? साहेब यायच्या आधी आठवडाभर आम्ही सगळे टाचणवह्या पूर्ण करत बसायचो. जो धडा शिकवला नाही तोही शिकवला असं लिहून. हुशार मुलं पहिल्या बाकावर. आणि कच्च्या मुलांना आदल्या दिवशी हळूच सांगायचं, उद्या आला नाहीस तरी चालेल. तेहेतीस वर्षांत माझ्यावर एकही वाईट शेरा नाही. धनश्रीने पिशवीतून छापील कागद काढला, पेन उघडलं, "पहिला प्रश्न" म्हणाली, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. थायरॉईड? होय. दरवर्षी? दरवर्षी. कान? होय. सहाव्या प्रश्नापासून तर मी महिनेसुद्धा सांगायला लागलो.

तिने विचारलं, "सुहासदादा कुठायत?" मी म्हणालो, झोपलाय. तो जागा होता. मीच त्याला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं.

शाळेतही मी हेच करायचो. एरवी रोज घंटा तो वाजवायचा, सगळ्या गावाला माहीत होतं. तपासणीच्या दिवशी मात्र शिपाई वाजवायचा आणि सुहास घरी. तुझी आई त्या दिवशी माझ्याशी बोलत नसे. मला वाटायचं, डब्याच्या घाईत असेल.

बाबा


२६ सप्टेंबर २०२५

यामिनी,

आज मायना नाही. थेट लिहितो, नाहीतर पुन्हा समासच आखत बसेन.

धनश्रीला द्यायला कागद हवेत म्हणून कपाट उपसलं. वेड्या आशेने. सव्वीस गोष्टींपैकी एकीचाही कागद नाही. सापडलं ते एकच: तुझं रजिस्टर पाकीट, नोव्हेंबर २०१९. बंद.

तुला सगळं माहीत आहे असं तू समजतेस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. त्या दिवाळीत आइस्क्रीम खायला नेते म्हणून तू सुहासला नगरला नेलंस आणि त्याचं रक्त तपासून घेतलंस. मला न विचारता. नागपूरला गेल्यावर रिपोर्ट पोस्टाने पाठवलास. फोनवर म्हणालीस, "बाबा, थायरॉईड कमी आहे त्याचं, कानिफनाथला दाखवा, गोळी सुरू करा." आठ दिवसांनी मी तुला सांगितलं, की दाखवला, त्याने पुन्हा रक्त तपासलं, दुसरा रिपोर्ट अगदी चांगला आला. तुझ्या आईलाही हेच सांगितलं. ती तशीच गेली, हेच खरं समजून.

दुसरा रिपोर्ट नव्हता. दुसरी तपासणीच झाली नव्हती. पहिलं पाकीटसुद्धा मी उघडलं नव्हतं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर तो दुसरा रिपोर्ट मागितलास तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो, कारण दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तू चुकली नव्हतीस. मी पकडला गेलो होतो. पाहुणे मात्र तुलाच नावं ठेवून गेले, आणि मी ठेवू दिली.

पाकीट का उघडलं नाही, याचं उत्तर शोधतोय. पोस्टमनच्या वहीत सही करताना वाटलं, माझ्या मुलीने माझ्यावर शेरा लिहून पाठवलाय. वाचला तर मान्य करावा लागेल. तीस वर्षं ज्या मुलाला मी अंघोळ घातली, बोट धरून शाळेत नेलं, त्याच्याबद्दल चार दिवस आलेली तू मला शिकवणार? कपाटात ठेवलं. म्हटलं, राग गेला की उघडू. मग आई आजारी पडली, मग ती गेली, आणि मग उघडायची भीतीच वाटायला लागली.

आज उघडलं. रिपोर्टवर आकडा आहे चौदा. पाचच्या आत हवा, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा चढतो, असं तूच शेजारी पेनाने लिहिलं आहेस. सोबत तुझी चिठ्ठी. "बाबा, तो आळशी झालेला नाही, आजारी आहे. एक गोळी, रोज सकाळी, उपाशीपोटी. एवढंच. रागावू नका."

ते "रागावू नका" मी सहा वर्षं कुलपात ठेवलं.

गेल्या दोन वर्षांत त्याने हजेरी बंद केली, गेटवर उभं राहणं बंद केलं, जिने चढणं बंद केलं. दर वेळी मी म्हणालो, या मुलांचं असंच असतं. कानिफनाथही तेच म्हणाला. मी त्याला कधी उलटून विचारलं नाही. माझा विद्यार्थी तो, मी शिकवलेलंच मला परत सांगत होता.

उद्या सकाळी रक्त द्यायला नेतोय. सुहासला सांगितलं, सुई टोचतील. तो म्हणाला, "आइस्क्रीम?" इतक्या वर्षांनी, यामिनी. त्याला सगळं आठवतं.

बाबा


२५ ऑक्टोबर २०२५

चि. यामिनी,

तेव्हा चौदा होता. आता एकशे बारा.

रिपोर्ट घेऊन कानिफनाथकडे गेलो. सोबत तुझाही कागद नेला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्याने दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला.

"सर, हा २०१९चा मला कधीच..."

"मी तुला दाखवलाच नाही."

त्याने दोन्ही कागद स्वतःकडे ओढले. बाहेर कंपाउंडर कोणाला तरी नंबर सांगत होता. मग कानिफनाथ म्हणाला, "तुम्ही दाखवायची वाट मी का बघितली, सर? डॉक्टर मी आहे. दुसरा कुणी पेशंट असा सुजून, पेंगत समोर बसला असता तर मी पहिल्या दिवशी रक्त तपासलं असतं. सुहासला बघितलं की मला सुहासच दिसतो. आजार दिसत नाही."

मुलाने चूक अशी स्वच्छ कबूल करावी असं मी वर्गात कैक वर्षं सांगत आलो. मला स्वतःला ते त्र्याहत्तराव्या वर्षी जमतंय, तेही पत्रात. कानिफनाथने उठून सुहासला नीट तपासलं. नाडी, छाती, घसा, पाय. दर वेळी आधी त्याला सांगून, "सुहास, आता हात दे." सुहासने प्रत्येक वेळी मोठ्या तोऱ्यात हात दिला.

गोळी सुरू झाली, आधी कमी, मग हळूहळू वाढवायची. नगरला हृदयाचा इको झाला. तिथे ठीक आहे. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि नुसती मान हलवली. दोन्ही कान मळाने गच्च. म्हणाले, या लोकांच्या कानाची नळी अरुंद असते, सहा-सहा महिन्यांनी साफ करावे लागतात, कुणी सांगितलं नाही का? पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणि मी समजत होतो, तो हट्टाने हाकेला ओ देत नाही. त्यापायी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं मी, एकदा तर सलग तीन दिवस. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. घरात दोन माणसं, त्यातलं एक रुसलेलं आणि दुसऱ्याला ते ऐकूच येत नाही.

परत येताना एसटीत बसलो. कंडक्टरने दोरी ओढली. सुहास दचकून वर बघायला लागला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "घंटा." राहुरी फॅक्टरीच्या थांब्यापर्यंत प्रत्येक घंटीला तो मला सांगत होता, "घंटा, बाबा." मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याला डोळे दिसू नयेत म्हणून.

धनश्रीला मी आधीच फोन करून सांगितलं होतं, की आदर्श पालक दुसरा शोधा. ती गेल्या आठवड्यात घरी आली. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तिचे दोनशे घरांचे आकडे नासवले मी. ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

"सर," ती म्हणाली, "मी तुम्हाला तपासत नव्हते हो. मी दवाखान्यांना तपासत होते."

या वयात कानफटात बसावी तसं झालं मला. गुण माझे नव्हतेच. मी प्रत्येक प्रश्नाला "होय" म्हणालो, म्हणजे ज्यांनी सुहासला कधी नीट पाहिलं नाही त्या सगळ्यांना पास केलं. साहेब गेल्यावर आम्ही चहा प्यायचो आणि कच्ची मुलं कच्चीच राहायची, त्यातलाच हा प्रकार.

"माझंही चुकलं," धनश्री म्हणाली. "कागद न बघता खूण केली. आणि ज्याच्याबद्दल विचारायला आले त्याला भेटलेच नाही. तुमच्यासारखे अजून किती सर असतील या दोनशे घरांत?" आता ती सगळीकडे परत जाणार आहे. आधी त्या माणसालाच विचारणार, मग कागद बघणार, आणि आईबाप सगळ्यात शेवटी.

सुरुवात आपल्या घरापासून केली. सुहासला खुर्ची दिली. मी आतल्या खोलीत बसलो. दार मीच ओढून घेतलं.

"सुहासदादा, डॉक्टर तुमच्याशी बोलतात का?"

"बाबांशी बोलतात."

"तुम्हाला दुखलं तर कोणाला सांगता?"

खुर्ची करकरली. मग त्याचा घोगरा आवाज आला. "ताई नाही आता."

नवा निकाल सांगतो. सव्वीसपैकी चार. चारातला एक तू नगरला केलेल्या तपासणीचा आहे. सव्वीसावा प्रश्न आम्ही कोरा ठेवला. त्याचं आज लिहवत नाही.

परवा भाऊबीज झाली. मुक्ताबाईंनी ओवाळलं. तुझं ताट त्याने शेजारी मांडून ठेवलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी उचललं.

बाबा


१४ जानेवारी २०२६

चि. यामिनी,

तिळगूळ सोबत पाठवत नाही, वाटेत चुरा होतो. गोड बोल असंही म्हणत नाही. तू काहीही बोललीस तरी मला गोडच लागेल अशी वेळ आहे.

चार पत्रं गेली, एकही परत आलं नाही. म्हणजे तिकडे कोणीतरी घेतंय. पोस्टाच्या कारभारावर एवढा भरवसा मी आयुष्यात ठेवला नव्हता.

सुहास बरा आहे. हे मी ऑगस्टातही लिहिलं होतं, तेव्हा या वेळी पुरावा देतो. रिपोर्टाची प्रत जोडली आहे. आकडा नऊवर आला. कानिफनाथ म्हणतो, अजून एकदा गोळी वाढवली की जागेवर येईल. सूज उतरली. आवाज पुष्कळ मोकळा झाला. सकाळी सहाला उठून तो स्वतः गोळी मागतो, आणि मी चहा आधी ठेवला तर मला रागावतो. "उपाशीपोटी!" असं बोट उगारून म्हणतो. सध्या उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावरून सारखे जातात. गेटवर उभा राहून प्रत्येकाला हात करतो. मुक्ताबाई म्हणतात, "आता कसं, परत आपला सुहास आला." त्यांचं खरं आहे. पण सगळा नाही आला. जिने चढताना थांबतो. काही शब्द हरवलेत, ते शोधताना कपाळाला हात लावतो. सहा वर्षं गेली ती गेलीच. ती मी घेतली.

त्याची माफी मागितली. समोर बसून, हात धरून, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि टीव्हीचा रिमोट मागितला. तुझी मागतो. तुला "बरं" म्हणणं इतकं सोपं नसेल, तशी अपेक्षाही नाही. खरंच नाही.

आता सव्वीसावा प्रश्न. तो असा आहे: पालकांनंतर यांच्या औषधपाण्याकडे कोण बघणार? नाव आणि नातं.

जुलैत मी पापणी न हलवता सांगितलं होतं, "बहीण, यामिनी." धनश्रीने नंबर मागितला. मी जुना दिला. त्यावर तिला एक गुण द्यावाच लागला. सव्वीसांतलं सगळ्यात मोठं खोटं तेच होतं, कारण बाकी सगळं मी माझ्याबद्दल खोटं बोललो आणि हे तुझ्याबद्दल. ज्या मुलीला घरातून घालवलं तिचं नाव मी तिला न विचारता एका छापील कागदावर चढवलं.

ते मी धनश्रीला खोडायला लावलं. ती म्हणाली, "कोरा रकाना चालत नाही सर, काहीतरी लिहावं लागेल." मी मुदत मागितली. हयातीत पहिल्यांदा कुठल्या तपासणाऱ्याकडे मुदत मागितली. तिने मार्चपर्यंत दिली आहे. तिचा नंबर त्या रिपोर्टाच्या मागे लिहिलाय, माझ्याशी बोलायचं नसलं तरी तिच्याशी बोलता येईल. नाव लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही लिहिलंस तर मी दुसरी काही व्यवस्था बघेन. कानिफनाथशी बोलणं काढलं आहे. तुझ्यावर ओझं टाकण्यासाठी हे लिहीत नाही असं म्हणणार होतो. पण ओझं आहेच, आणि मला रात्रंदिवस त्याचीच काळजी आहे. मी त्र्याहत्तर. तो छत्तीस. गणितात मी कानिफनाथइतका हुशार नाही, पण एवढं मलाही कळतं.

अजून एक राहिलं. हेही खोटंच होतं, म्हणून सांगतो. हजेरी त्याने आपण होऊन बंद केली असं मी लिहिलं होतं. तू गेल्यावरही तो रोज तुझं नाव पुकारायचा. "आई" म्हणून फोटोकडे बघायचा आणि बरोबरची खूण करायचा. मग "ताई" म्हणायचा, आणि थांबायचा. दोन वर्षं मी ते ऐकलं. एके दिवशी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि तुझ्या नावापुढे मी फुली मारली. मोठी, लाल. "गैरहजर," म्हणालो, "आता विचारू नकोस." त्या दिवसापासून त्याने हजेरीपत्रक उघडलं नाही. मी दोष वयाला दिला, आणि आता थायरॉईडला देत होतो.

गेल्या सोमवारी साडेसहाला तो आतून हजेरीपत्रक घेऊन आला. धूळ झटकली. ते पान शोधलं, फुलीवरून अंगठा फिरवला, आणि पुढचं कोरं पान काढलं. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत चार नावं लिहिली, नेहमीच्याच क्रमाने.

तेव्हापासून रोज होते. आई, बरोबर. मग तुझं नाव. तिथे तो खूण करत नाही, फुलीही मारत नाही. पेन वर धरून दाराकडे बघतो. मी काही बोलत नाही, घाई करत नाही. जागा तशीच ठेवून तो पुढे जातो. सुहास, बरोबर.

मग माझं नाव येतं. मी हजर म्हणतो.

बाबा